किती चालीत?

आमच्या वस्तीतल्या बुद्धिबळाला एक नियम होता, जो मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. मात बोलली की चाली बोलायच्या. खेळता खेळता एखादा म्हणाला, "आता तुझी मात हाय," की ओट्यावर बसलेली सगळी माणसं एका सुरात विचारायची, "किती चालीत?" त्यानं आकडा सांगायचा. तीन म्हणाला तर तीन चालींच्या आत मात झाली पाहिजे. नाही झाली तर डाव त्याच्या अंगावर, वर सगळ्यांना चहा. आकडा न सांगता नुसतीच मात बोलली तर ती मात कुणी धरत नसे. हा ओटा समाजमंदिराचा. पट फरशीवरच रंगवलेला. दर जयंतीला भिंतींचं रंगकाम झालं की उरलेल्या रंगातून पटही ताजा केला जायचा, त्यामुळे आमच्या पटाची घरं काळी-पांढरी नव्हती, निळी-पांढरी होती. सोंगट्या बाभळीच्या. एक हत्ती कधीतरी हरवला होता, त्याच्या जागी टॉर्चचा जुना सेल उभा असायचा. मी कॉलेजात पहिल्यांदा खरा पट पाहिला तेव्हा मला तो सुतकी वाटला.

या ओट्यावरचे सगळ्यात बदनाम खेळाडू म्हणजे माझे थोरले चुलते, दगडूनाना. नाना डाव चांगला बांधायचे, समोरच्याचा वजीर मारायचे, हत्ती मारायचे, आणि मग मांडीवर हात टाकून बसायचे. "मात तर हायच," म्हणायचे. किती चालीत, असं विचारलं की चिडायचे. "हाय म्हणलं न्हवं? आता करायची का उद्या करायची, माझी मर्जी." मग दोन घरं इकडं, दोन घरं तिकडं, समोरच्याच्या राजाला शेरडासारखं फिरवत राहायचे. शेवटी समोरचाच कंटाळून उठायचा आणि नाना जिंकल्याचं जाहीर करायचे. माणसं म्हणायची, नानाची मात म्हणजे येरमाळ्याहून सुटलेली यष्टी, निघाली हे खरं, आली हे कुणी बघितलं न्हाय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, नेमके उलटे. ते चाली मोजूनच तोंड उघडायचे. आबा आमच्याच गावच्या हायस्कुलात शिपाई होते. गाव तेरच्या पुढं. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा लिंबाला टांगलेला, आणि तिचा टोला आमच्या घरात भाकरीच्या आवाजाइतका ओळखीचा. सकाळी परातीत पिठावर मायचा हात थप-थप पडायचा, चुलीत तुराट्या तडतडायच्या, आणि तेवढ्यात तिकडून पहिला टोला. माय म्हणायची, "वाजवली बाबा तुमच्या बापानं. उठा." संध्याकाळी आबा घरी येत ते किल्ल्यांच्या जुडग्याच्या आवाजासकट. त्या किल्ल्या शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या होत्या. माझ्या लहानपणी मला वाटायचं, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत तोच शाळेचा मालक.

मालक दुसरेच होते. ती शाळा ज्या संस्थेची, त्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब. आबा इतकी वर्षं काम करूनही रोजंदारीवर होते, कारण त्यांची पक्की ऑर्डर भाऊसाहेबांकडे होती. म्हणजे कागदावर नव्हे, त्यांच्या मनात होती. दर झेंडावंदनाला ते आबांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि सगळ्या गावासमोर म्हणायचे, "तुझं काम झालंच समज." पहिल्यांदा म्हणाले त्या दिवशी मायनं गुळाची खीर केली. दुसऱ्या वर्षी शेंगोळी केली, कारण शेंगोळी एरवीही करायचीच असते. तिसऱ्या वर्षापासून काहीच केलं नाही. अडचण काय, तर कधी आरक्षणाचं रोस्टर तपासायचं असायचं, कधी मीटिंग व्हायची असायची, कधी साहेबांची सही करायची वेळ शुभ नसायची. आबांच्या निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरली होती. ऑर्डर त्याआधी हातात पडली तर म्हातारपणाला पेन्शनचा टेका. नाही पडली तर शेवटच्या दिवशी शाल, नारळ आणि खांद्यावर तोच हात. एवढी साधी गोष्ट होती, आणि आमच्या घरातलं प्रत्येक बोलणं फिरून फिरून तिथंच येऊन थांबायचं.

मी जिल्ह्याच्या गावी, त्याच संस्थेच्या कॉलेजात, कॉम्प्युटर सायन्सला गेलो. तेव्हा पाट्यांवर उस्मानाबाद होतं. आमच्या आजीच्या पिढीच्या तोंडात धाराशिव तेव्हाही होतंच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय, हे विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि बाहेर विचारायची मला लाज वाटायची. पहिले काही महिने मी ग्रंथालयात जात नसे, कारण आत जाताना चपला काढायच्या की नाही ते कळत नव्हतं. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करायचं असतं. आमच्या विभागात प्रोजेक्टची परंपरा फार जुनी होती, इतकी जुनी की प्रोजेक्टही तेच होतं: ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. दर वर्षी मुखपृष्ठावरची नावं बदलायची, आतलं ग्रंथालय तेच. गंमत म्हणजे आमचं खरं ग्रंथालय शेवटपर्यंत रजिस्टरवरच चाललं. विभागप्रमुख मगर सरांना मी भीत भीत म्हणालो, "सर, मला बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम करायचाय." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "अरे, कृत्रिम बुद्धिमत्ता मोठ्या शहरातल्या लोकांनी करावी," म्हणाले. "आपल्याकडं नैसर्गिकचाच तुटवडा आहे." मी मान हलवली आणि तरीही विषय तोच लिहून दिला. लाजाळू माणसाचा हट्ट लवकर दिसत नाही, हा त्याचा एक फायदा.

प्रोग्राम लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की मशीनला मात म्हणजे काय हे ठाऊकच नसतं. आपण पट पाहतो आणि म्हणतो, अरे, राजा अडकला. मशीन तसं पाहत नाही. ते बिचारं प्रत्येक चाल करून बघतं, मग समोरच्याची प्रत्येक चाल करून बघतं, मग पुन्हा आपली, असं जमेल तितकं खोल उतरतं, आणि तळाशी पोचलं की उरलेल्या सोंगट्यांची किंमत मोजतं: प्याद्याला एक, घोड्या-उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. ज्या वाटेवर आपलं सगळ्यात भलं, ती चाल खेळतं. मात ओळखायची तर तिथंही तेच गाढवकष्ट. ज्याची पाळी आहे त्याच्या सगळ्या चाली एकेक करून बघायच्या. ज्या चालीनंतर त्याचा राजा शहात राहतो ती खोडायची. सगळ्या खोडल्या गेल्या, एकही उरली नाही, की एकच प्रश्न विचारायचा: आत्ता राजाला शह आहे का? असेल तर मात. नसेल तर बरोबरी, डाव कुजला. हा दुसरा प्रकार लिहिताना मला सारखी संस्थेतली रोजंदारीची माणसं आठवायची. भाऊसाहेबांनी कुणालाच कधी शह दिला नाही. कुणाला काढलं नाही, कुणावर ओरडले नाहीत. फक्त कुणाला चाल उरू दिली नाही.

राजाला किंमत लावता येत नाही, म्हणून मी मातेला एक मोठा आकडा दिला. एक लाख. नऊ हत्ती आणि नऊ वजीर एकत्र केले तरी पोचणार नाहीत असा. मशीननं मात पाहिली की त्याला लाख दिसणार, आणि लाख दिसले की ते दुसऱ्या कशाकडं बघणार नाही, असा माझा विचार. विचार वाईट नव्हता. होस्टेलच्या मुलांवर मी तो चालवून पाहिला. मशीन वजीर मारायचं, मुलगा "च्यायला" म्हणायचा आणि उठून मेसला जायचा. वजीर गेल्यावर खेळत राहायची आमच्या होस्टेलला सवय नव्हती, आणि मेसमध्ये उशिरा गेलं की भाजीतली भाजी संपून नुसता रस्सा उरायचा. त्यामुळे माझ्या मशीनला शेवटपर्यंत मात करताना कुणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा.

मग स्नेहसंमेलन आलं. मगर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि पहिल्यांदाच बसायला सांगितलं. "भाऊसाहेब स्वतः तुझ्या मशीनशी खेळणार आहेत," ते म्हणाले. भाऊसाहेब बुद्धिबळात अजिंक्य होते. ते रोज संध्याकाळी आपल्या मळ्यात खेळायचे, आणि समोर बसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या संस्थेतला असायचा. सर खाली वाकून, जणू टेबलानं ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या वडिलांचं काम अडकलंय ना? मग जरा सांभाळून घे. मशीनला काय, मन नसतं. हरलं तरी त्याला वाईट वाटत नाही." मला त्यांना सांगता आलं नाही की मशीनला हरायला शिकवणं जिंकायला शिकवण्यापेक्षा अवघड आहे. त्या रविवारी मी घरी गेलो आणि जेवताना विषय काढला. आबांनी आमटीत भाकरी कुस्करली.

"म्या हरून बघितलंय साहेबाला," ते म्हणाले. "दोनदा मळ्यावर बोलीवलं हुतं. वजीर तोंडात दिला त्यांच्या. लई खूश झाले."

"मंग ऑर्डर दिली का?" माय चुलीपुढून म्हणाली.

"झालंच समज, म्हणले."

"हरून आली न्हाय," माय म्हणाली, "तर पोराला आता जिंकून बघू द्या. ह्याच्यापरास आणखी काय न मिळायचं राहिलंय?"

आबा हसले. मला म्हणाले, "मशीनला जसं येतंय तसं खेळू दे. फकस्त बिगी बिगी खेळव. साहेबाला जेवायला येळ झाला की डोकं फिरतं त्यांचं."

संमेलनाच्या दिवशी भाऊसाहेब आले ते तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ संपून, धूर विरून, मुलींचं स्वागतगीत दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर. मंचावर एका टेबलावर कॉलेजचा कॉम्प्युटर आणि शेजारी पट, मागं पडद्यावर तोच पट मोठा करून. भाऊसाहेब पटावर सोंगट्या हलवणार, मी त्यांची चाल मशीनमध्ये भरणार आणि मशीनची चाल पटावर करणार. मगर सरांनी माइक धरला होता. आबा शाळेच्या इतर शिपायांबरोबर भिंतीला टेकून उभे होते; खुर्च्या होत्या, पण त्या उभं राहण्यासाठी रांगेत लावलेल्या असाव्यात, इतक्या सहज ते सगळे उभे होते. डाव सुरू झाला. भाऊसाहेबांनी घोडा पुढं काढला, सर म्हणाले, "आक्रमक सुरुवात." मशीननं तो घोडा मारला, सर म्हणाले, "साहेबांनी घोड्याचं बलिदान दिलेलं आहे." मशीननं उंट मारला. "दुसरं बलिदान." मग हत्ती, मग वजीर. एवढी बलिदानं झाली की पडद्यावर भाऊसाहेबांचा राजा एकटाच उरला, आणि मशीनकडे वजीर आणि दोन्ही हत्ती. सरांच्या माइकमधून फक्त श्वासाचा आवाज येत होता. मी मनातल्या मनात आबांची ऑर्डर फाडून टाकली होती. पुढच्या चालीत मात होती. ओट्यावरच्या शेंबड्या पोरालाही दिसावी अशी.

मशीननं कोपऱ्यातला हत्ती एक घर पुढं सरकवला.

मला वाटलं माझीच बघण्यात चूक झाली. भाऊसाहेबांनी राजा हलवला. आता तर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी मात होती. मशीननं तो हत्ती एक घर मागं घेतला. साहेबांनी राजा परत पहिल्या घरात आणला. हत्ती पुढं. राजा बाजूला. हत्ती मागं. मागच्या रांगेतून एक हसू आलं, मग दुसरं. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. आपण मेलो नाही, हे कळलेल्या माणसाला आपण मारतोय असं वाटायला वेळ लागत नाही. ते खुर्चीत मागं रेलले.

"काय रं," ते मला म्हणाले, "घाबरली का काय तुझी मशीन?"

"साहेबांच्या बचावापुढे संगणक हतबल!" मगर सरांना आवाज सापडला होता. "आणि मित्रहो, तीच तीच स्थिती तीन वेळा आली की आंतरराष्ट्रीय नियमानुसार डाव बरोबरीत!" त्या दिवशी मला कळलं की सरांना बुद्धिबळाचा एक नियम येतो, आणि तो नेमका वेळेवर येतो. टाळ्या पडल्या. एकट्या राजानं वजीर आणि दोन हत्तींना रोखल्याबद्दल भाऊसाहेबांना हार घातला गेला. हार घालून घेता घेता त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "पोरगं हुशार आहे," ते माइकवर म्हणाले. "माग रे, काय पाहिजे ते माग."

मी कधी मंचावर बोललो नव्हतो. मी म्हणालो, "आबांची ऑर्डर."

भाऊसाहेब मनापासून हसले. "अरे, ती तर झालीच समज! माझ्या खिशात आहे ती. कधीही देतो. पळून चाललीय का ती?" त्यांनी खिशावर थाप मारली आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडल्या. भिंतीला टेकलेल्या आबांनीही वाजवल्या. मी मात्र पडद्याकडं पाहत होतो. तिथं हत्ती अजून एक घर पुढं येऊन उभा होता, आणि मला सारखं वाटत होतं की हे बोलणं मी याआधी कुठंतरी ऐकलंय.

कुठं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कळलं. आबांनी गावभर सांगून टाकलं होतं की साहेब सगळ्यांदेखत बोलले. माणसं मशीनची हकीगत विचारायला जमली. मी निळ्या-पांढऱ्या घरांवर तोच डाव मांडून दाखवला: हा राजा, हा वजीर, हे दोन हत्ती, त्यातला एक टॉर्चचा सेल. सेल एक घर पुढं, सेल एक घर मागं. दगडूनाना पुढं सरकून बघत होते. बघता बघता त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले.

"आरं," ते म्हणाले, "ही मशीन माझ्यावर गेली की रं."

ओटा हसून लोळला. एक जण म्हणाला, "नाना, तुमचं रगात हाय त्यात." नाना मात्र गंभीर होते. "हसताय काय? बराबर हाय तिचं. मात तर हायच. आज केली काय, उद्या केली काय, सारखीच. मंग आज कशाला करील?" आणि माझ्याकडं वळून, आयुष्यभर ज्यानं त्यांना छळलं तो प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, "तू तिला किती चालीत ते इचारलंच न्हाईस व्हय?"

मी विचारलं नव्हतं. मी ओट्यावर वाढलो, प्रत्येक मातेला आकडा मागत वाढलो, आणि मशीनला मात शिकवताना तेवढंच शिकवायचं विसरलो. कारण पुस्तकात नव्हतं ते मला ज्ञान वाटत नव्हतं. एका चालीतली मात लाख, तीन चालींतली मातही लाख. हत्ती मागंपुढं केला तरी मात पुढं होणारच आहे, म्हणजे त्याही चालीला लाख. सगळ्या सारख्या, मग मशीन यादीतली पहिली चाल उचलायचं. यादी कोपऱ्यापासून सुरू व्हायची, आणि कोपऱ्यात हत्ती. त्याचं काहीच चुकत नव्हतं. मात त्याच्या हातून एकदाही निसटली नव्हती. ती कायम खिशात होती. जो माणूस कधीही देऊ शकतो तो आज देत नाही, एवढंच.

दुरुस्ती एका ओळीची होती. मात जितक्या चाली दूर, तितके लाखातून वजा करायचे. जवळची मात मोठी, लांबची लहान. हरणाऱ्या बाजूला हेच उलटं लागू होतं: मरायचंच आहे तर जितकं उशिरा तितकं बरं, म्हणून ती सगळ्यात लांबची वाट धरते. लांबणीवर टाकणं हे हरणाऱ्याचं काम आहे; तो त्याचा हक्कच आहे. जिंकणारा लांबणीवर टाकत असेल तर दोष पटात नाही, मोजण्यात आहे. आणखी एक फायदा आपोआप झाला. लाखातून किती वजा झालेत ते बघितलं की मात किती चालींवर आहे तेही कळतं. मी ते पडद्यावर दाखवायची सोय केली. आज पुण्यात माझ्या कंपनीत "पुढच्या आठवड्यात नक्की" असं कुणी म्हणालं की माझा हात अजून ती ओळ शोधायला लागतो. ती माणसांत घालता येत नाही.

थोड्याच दिवसांत निरोप आला: भाऊसाहेबांना ती मशीन त्यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हवी आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना दाखवायचं होतं की ही आपल्याला हरवू शकत नाही. आबा म्हणाले, मीही येतो, ऑर्डरचं विचारता येईल. आम्ही गेलो तेव्हा ऑफिसात दुसऱ्या कुठल्याशा संस्थेचे तीन पाहुणे बसले होते, समोर खव्याचे पेढे आणि चहा. आबा दाराशी उभे राहिले. मी प्रोग्राम टाकला. कुठला, जुना की नवा, हे मला कुणी विचारलं नाही, आणि माझ्याकडं आता एकच होता. भाऊसाहेबांनी पाहुण्यांना बरोबरीची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत आता मशीन मुंबईहून मागवलेलं होतं. मग ते खेळायला बसले. बलिदानं सुरू झाली. चहा निवायच्या आत पडद्याच्या कडेला अक्षरं उमटली, आणि सगळ्यात वयस्कर पाहुण्यांनी ती चष्मा सावरून मोठ्यानं वाचली: "तीन चालीत मात."

"ती तसंच म्हणते," भाऊसाहेब म्हणाले. "करत काही नाही."

एक. दोन. तीन. राजा संपला. पाहुण्यांपैकी एकानं पेढा उचलला होता, तो तोंडापाशी थांबला.

"ही ती नव्हे," भाऊसाहेब म्हणाले.

"तीच आहे साहेब," मी म्हणालो. "आता चाली मोजते, एवढंच."

अशा वेळी माणूस ओळखीची गोष्ट शोधतो. भाऊसाहेबांना दारात आबा दिसले. ते उठून गेले, खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगं नाव काढणार. आणि तुझं काम, अरे, तुझं काम तर झालंच समज."

आबा खांद्यावरच्या हाताकडं बघत होते. मग त्यांनी वर बघितलं. "किती चालीत, साहेब?"

"काय?"

"आमच्यात मात बोलली की चाली बोलाव्या लागत्यात," आबा म्हणाले. आवाज इतका अदबीचा की त्यात खोट काढायला जागा नव्हती. "न्हाय बोलल्या तर ती मात धरत न्हाईत. आता हितं मशीनसुदीक बोलली. म्हणून इचारलं. किती मीटिंगांत?"

चष्मेवाले पाहुणे हसले. वाईट नव्हे, खेळ आवडल्यासारखे. "बोला भाऊसाहेब," ते म्हणाले, "आता बोलावंच लागेल." भाऊसाहेबांचा हात अजून आबांच्या खांद्यावर होता, तो काढला तरी पंचाईत, ठेवला तरी पंचाईत. त्यांच्याकडं चाल नव्हती, आणि या वेळी शह होता. "दोन," ते म्हणाले.

दोनांत झालं नाही. पण ऑफिसातली गोष्ट शिपायांमधून शाळाशाळांत पोचली होती, आणि नंतरच्या झेंडावंदनाला भाऊसाहेबांनी ज्याच्या ज्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं त्यानं अदबीनं विचारलं, "किती चालीत?" एका शाळेत तर म्हणे स्वयंपाकीणबाईंनीही विचारलं. असा प्रश्न फार काळ ऐकवत नाही. रोस्टर अचानक सापडलं. आबांची ऑर्डर निघाली, निवृत्ती अगदी दारापलीकडं उभी असताना. पेन्शन बसली, पण पूर्ण नोकरीची नव्हे, ऑर्डरच्या तारखेपासूनच्या नोकरीची. आधीची सगळी वर्षं, रुळाचे सगळे टोले, कुठंच धरले गेले नाहीत. तिकडं माझ्या प्रोजेक्टला मगर सरांनी शेरा दिला: "विषय उपयुक्त नाही, ग्रंथालय घेतलं असतं तर बरं." पुढच्या वर्षी, ऐकतो, विभागातल्या दोन प्रोजेक्टांचा विषय बुद्धिबळ होता, आणि आतला मजकूर माझाच होता.

ऑर्डर आली त्या दिवशी मी घरी होतो. आबांनी ती दोनदा वाचली, किल्ल्यांचं जुडगं तिच्यावर ठेवलं की वाऱ्यानं उडू नये, आणि मला म्हणाले, "मिल्या, तुझ्या मशीनच्या हिशोबानं ही मात केवढ्याची?"

मला हिशोब येत होता. तो एकच हिशोब मी आयुष्यात स्वतः बसवला होता. लाखातून किती वजा करायचे, ते मी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं बघूनही सांगितलं असतं. आबा वाट बघत होते, ओट्यावर आकड्याची वाट बघतात तसे.

मायनं ताटं मांडली. खीर नव्हती, शेंगोळी होती. "जेवा आदी," ती म्हणाली. "ही निवली तर हिच्यातूनबी वजा हुतील."